आधी सर्कल, मग लोगो: मुंबईच्या बंद पडलेल्या मोबाइल कंपन्यांच्या वस्तू ओळखणं, जपणं आणि पुन्हा रेखाटणं

जुन्या डब्यात बीपीएल मोबाइलचं सिमकार्ड सापडलं की पहिला प्रश्न एकच: हे मुंबईचं की पुण्याचं? दोन्हींवर लोगो तोच, पण पुढचा इतिहास निराळा. उर्वरित महाराष्ट्रातला बीपीएल हचकडे गेला आणि त्याचा पुढे व्होडाफोन झाला. मुंबईचा बीपीएल त्या वाटेने गेलाच नाही. तो २००९ मध्ये लूप मोबाइल झाला आणि परवान्याची मुदत संपल्यावर नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला. सर्कल, म्हणजे कंपनीच्या परवान्याचं भौगोलिक क्षेत्र, न लिहिता नुसता ‘बीपीएलचा जुना लोगो’ म्हणून ठेवलेली वस्तू शोभेची राहते, तिचा पुरावा होत नाही. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी सर्कलपासून सुरू होते.

मुंबईची वंशावळ

टेलिकॉमच्या नकाशावर मुंबई हे वेगळं सर्कल आहे: मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण टेलिफोन क्षेत्र. बाकीचा महाराष्ट्र आणि गोवा हे दुसरं सर्कल. जुन्या माहितीपत्रकांत पुण्याला जाणाऱ्यासाठी रोमिंगचे दर छापलेले दिसतात ते याचमुळे. पुढची वंशावळ वस्तूंच्या वहीत पहिल्याच पानावर उतरवून ठेवा.

१९९५ मध्ये मुंबईत दोनच कंपन्या सुरू झाल्या, हचिसन मॅक्स आणि बीपीएल मोबाइल. हचिसन मॅक्सचा ब्रँड मॅक्स टच. तो २००० मध्ये ऑरेंज झाला, २००५ मध्ये हच, २१ सप्टेंबर २००७ ला व्होडाफोन आणि ७ सप्टेंबर २०२० ला वी. एकाच परवान्याची पाच नावं, त्यामुळे मुंबईच्या संग्राहकासाठी सगळ्यात भरगच्च रांग हीच. ऑरेंज हे नाव देशात मुंबईबाहेर जवळजवळ दिसत नाही, म्हणून बाहेरचे संग्राहक आधी त्याची चौकशी करतात.

तिसरी एमटीएनएल, २००१ पासून: पोस्टपेडला डॉल्फिन, प्रीपेडला ट्रम्प. चौथी एअरटेल, २००२ पासून. एअरटेल चालू आहे, पण तिचा १८ नोव्हेंबर २०१० आधीचा लोगो आणि प्रीपेडचं ‘मॅजिक’ हे नाव इतिहासजमा झालं. आयडिया मुंबईत आली ती थेट २००८ मध्ये. त्याआधीची आयडियाची किंवा बिर्ला एटी अँड टीची वस्तू मुंबईच्या घरात सापडली तरी ती पुणे-नाशिक-कोल्हापूरकडची समजा. (बिर्ला, एटी अँड टी आणि टाटा एकत्र आले तेव्हा त्या कंपनीला गमतीने ‘बटाटा’ म्हणत. ब्रँडचं नाव ठरवताना हा मोह टाळला गेला, हे बरंच झालं.)

सीडीएमए, म्हणजे जीएसएमहून निराळ्या मोबाइल तंत्रज्ञानाची, शाखा वेगळी. रिलायन्स इन्फोकॉमची घोषणा २८ डिसेंबर २००२ ची आणि ५०१ रुपयांची मान्सून हंगामा योजना २००३ ची. टाटा इंडिकॉम मुंबईत आली ती ह्युजेस टेलिकॉम विकत घेऊन, त्यामुळे ह्युजेसचं नाव असलेले लँडलाइनचे कागदही याच फाइलीत जातात. त्यानंतरची गर्दी २००८ ते २०१० मधली: व्हर्जिन मोबाइल, टाटा डोकोमो, एअरसेल, युनिनॉर, व्हिडिओकॉन, एमटीएस. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ ला १२२ परवाने रद्द केले आणि यातल्या काहींचा संसार तिथेच आटोपला. युनिनॉरने मुंबई फेब्रुवारी २०१३ मध्ये सोडली, त्यामुळे ‘टेलिनॉर’ हे युनिनॉरचं नंतरचं नाव असलेली वस्तू मुंबई सर्कलची असण्याची शक्यता फार कमी. एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ च्या अखेरीस मोबाइलवरची व्हॉइस सेवा थांबवली. टाटाचा मोबाइल व्यवसाय २०१९ मध्ये एअरटेलमध्ये विलीन झाला.

तारीख लावायची ती करावरून

रिचार्ज कार्डावर, बिलावर किंवा दरपत्रकावर छपाईचं वर्ष क्वचितच असतं. सेवा कराचा दर मात्र बहुतेक वेळा असतो आणि तो दर ठरावीक दिवशी बदलत गेला. भिंग घेऊन मागची बारीक अक्षरं वाचा:

- ५% : १३ मे २००३ पर्यंत
- ८% : १४ मे २००३ ते ९ सप्टेंबर २००४
- १०.२% : १० सप्टेंबर २००४ ते १७ एप्रिल २००६
- १२.२४% : १८ एप्रिल २००६ ते १० मे २००७
- १२.३६% : ११ मे २००७ ते २३ फेब्रुवारी २००९
- १०.३% : २४ फेब्रुवारी २००९ ते ३१ मार्च २०१२
- १२.३६% पुन्हा : १ एप्रिल २०१२ ते ३१ मे २०१५
- १४%, मग १४.५%, मग १५% : १ जून २०१५, १५ नोव्हेंबर २०१५ आणि १ जून २०१६ पासून
- १८% जीएसटी : १ जुलै २०१७ पासून

१२.३६% दोनदा येतं, तिथे गडबड होते. तो गुंता सोडवायला रुपयाचं चिन्ह पाहा. ₹ हे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारलं गेलं, त्यामुळे ते छापलेलं असेल तर दुसरा कालखंड. नसेल तर निर्णय लगेच देऊ नका, कारण छापखाने नंतरही बराच काळ ‘रु.’च वापरत होते. अशा वेळी ब्रँडची मदत घ्या. हचच्या कार्डावर १२.३६% म्हणजे मे ते सप्टेंबर २००७ एवढीच फट उरते. उलट मुंबईच्या ऑरेंज कार्डावर १२.२४% दिसलं, तर कार्ड नव्याने छापलेली नक्कल असल्याचा संशय घ्या, कारण त्या दराआधीच ऑरेंज हे नाव गेलं होतं.

बिलात येणाऱ्या कॉलचे पैसे लावलेले दिसले तर ते बिल मे २००३ च्या आधीचं. कंपनी बदला पण नंबर तोच ठेवा, असं सांगणारं पत्रक मुंबईत २० जानेवारी २०११ नंतरचं. पत्त्याखाली सात आकडी लँडलाइन नंबर असेल तर छपाई २००० च्या दशकाच्या अगदी सुरुवातीची किंवा त्याआधीची. ‘बॉम्बे’ छापलेलं असेल तर मात्र हुरळून जाऊ नका. शहराचं नाव १९९५ मध्ये अधिकृतपणे बदललं, पण लेटरहेडवर ते पुढे कितीतरी वर्षं रेंगाळलं.

सिमवरचा लांब आकडा वाचणं

सिमवर १९ किंवा २० आकड्यांचा क्रमांक छापलेला असतो. सुरुवातीचे ८९ म्हणजे टेलिकॉम आणि ९१ म्हणजे भारत. त्यापुढचे दोन आकडे बहुतेक जुन्या जीएसएम सिमवर कंपनी आणि सर्कल सांगतात. मुंबईचे कोड पाठ करायला सोपे आहेत, कारण ते जुन्या मोबाइल नंबरांशी जुळतात. ९८२० ने सुरू होणारा नंबर मॅक्स टच-ऑरेंजचा आणि नेटवर्क कोड (फोनला कंपनी आणि सर्कल सांगणारा आकडा) ४०४-२०. ९८२१ बीपीएलचा, ४०४-२१. ९८६९ एमटीएनएलचा, ४०४-६९. ९८९२ एअरटेलचा, ४०४-९२. महाराष्ट्र सर्कलमध्येही हे काही ठिकाणी जुळतं, उदाहरणार्थ ९८२२ आणि आयडियाचा ४०४-२२, ९८९० आणि एअरटेलचा ४०४-९०. तेव्हा बीपीएलच्या सिमवर ८९९१ नंतर २१ दिसले की मुंबई.

क्रमांक वहीत उतरवताना एखादा आकडा हमखास चुकतो. शेवटचा आकडा तपासणीचा असतो, त्याचा उपयोग करा. उजवीकडून मोजत दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक आकडे दुप्पट करा, दुप्पट दोन अंकी झाली तर तिच्यातून ९ वजा करा आणि मग सगळ्यांची बेरीज घ्या. बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. गेला नाही तर उतरवण्यात चूक आहे किंवा त्या छपाईत तपासणीचा आकडा गाळलेला आहे.

सिमच्या आतलं वाचायचं असेल तर यूएसबी स्मार्टकार्ड रीडर लागतो. नव्या मोबाइलमध्ये घालून पाहण्यात अर्थ नाही. पहिल्या पिढीतली सिमकार्डं ५ व्होल्टवर चालणारी आहेत आणि आजचे फोन ३ किंवा १.८ व्होल्टच देतात, म्हणून चांगलं कार्डही मेलेलं वाटतं. रीडर ५ व्होल्ट देणारा घ्या. सिमचा तुकडा सुटा असेल तर तो मोठ्या कार्डाच्या आकाराच्या अडॅप्टरमध्ये बसवा. क्रमांकाची फाइल पिनशिवाय वाचता येते. नावं-नंबर आणि मेसेज पिन बंद असेल किंवा माहीत असेल तरच दिसतात. पिन मागितला तर अंदाजाने दोनदाच प्रयत्न करा. तिसऱ्या चुकीला कार्ड कुलूपबंद होतं आणि ते उघडणारा पीयूके द्यायला कंपनीच उरलेली नाही.

रिलायन्सच्या सुरुवातीच्या सीडीएमए फोनमध्ये सिमच नव्हतं, नंबर थेट हँडसेटमध्ये भरलेला असायचा. ‘रिलायन्सचं २००३ चं सिम’ म्हणून कोणी काही विकत असेल तर पुढे चला. त्या काळातला संग्रह म्हणजे हँडसेट, खोका, पुस्तिका आणि पोस्ट-डेटेड चेकच्या योजनेचे कागद.

कुठे शोधायचं, काय उचलायचं

चोर बाजारात मटण स्ट्रीटच्या आसपास आणि शुक्रवारी पहाटे भरणाऱ्या बाजारात हँडसेटच्या ढिगाऱ्यात खोके आणि पुस्तिका निघतात. फोर्टमध्ये फूटपाथवर नाणी-तिकिटं विकणाऱ्यांकडे रिचार्ज कार्डांचे गठ्ठे असतात. बीपीएलचं मॉट्स, एअरटेलचं मॅजिक आणि ट्रम्प यांचे पूर्ण संच जमवायला ही जागा बरी. लॅमिंग्टन रोडच्या जुन्या दुकानांत विचारायचं ते ‘जुना माल आहे का’ असं नाही, तर ‘कंपनीने दिलेलं डिस्प्लेचं सामान पडलंय का’ असं. डँगलर (दुकानात टांगायच्या जाहिराती), स्टिकर, काउंटरवरचे स्टँड, दरपत्रकं माळ्यावर पडून असतात. पण सगळ्यात चांगला माल तुमच्या वळणावरच्या रद्दीवाल्याकडे येतो, आणि तो दोन दिवसांत पुढे जातो. त्याला एक नमुना दाखवून ठेवा.

पैसे कमी असतील तर निवड अशी करा: आधी बिलं आणि दरपत्रकं, मग सिम बसवलेली अखंड कार्डं, मग रिचार्ज कार्डं, शेवटी हँडसेट. लोकांचा क्रम नेमका उलटा असतो. हँडसेट हजारोंनी उरलेत, दरपत्रक मात्र महिना संपला की कचऱ्यात जायचं.

सिमचं अखंड कार्ड म्हणजे ८५.६ × ५४ मिलिमीटरची पूर्ण चौकट आणि त्यात न तोडलेला २५ × १५ चा तुकडा. नुसती रिकामी चौकटही घ्या, कारण मोठा लोगो चौकटीवरच असतो. रिचार्ज कार्डाची चंदेरी पट्टी खरवडलेली नसेल तर ती तशीच राहू द्या. नक्कल ओळखायला दहापट भिंग पुरतं. ऑफसेट छपाईत ठिपक्यांची फुलासारखी नियमित रचना दिसते, इंकजेटमध्ये विस्कळित तुषार दिसतात.

रद्दीत कधी ग्राहकांचे अर्ज येतात, फोटो आणि ओळखपत्राच्या प्रतींसकट. ते संग्रहात ठेवू नका. कोरा अर्ज ठेवा, भरलेला फाडून टाका. जुने नंबरही बंद झाल्यावर दुसऱ्या ग्राहकाला दिले जातात, म्हणून कार्डाचा फोटो कुठेही टाकताना नंबर झाका आणि ‘बघू लागतो का’ म्हणून फोन करू नका.

साफसफाई आणि मुंबईची हवा

आधी जे टाळायचं ते. सिमच्या छापील बाजूला स्पिरिट लावलं तर लोगोच निघून येतो. चिपचे सोनेरी संपर्क तेवढे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने, चिपच्या कडेबाहेर न जाता पुसा. खोडरबर वापरू नका, सोन्याचा थर अतिशय पातळ असतो. छापील भाग किंचित ओल्या मऊ कापडाने पुसून लगेच कोरडा करा. रिचार्ज कार्डाची पट्टी अजिबात पुसू नका.

साठवणीत सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे मऊ पीव्हीसीचे पारदर्शक पाउच. त्यांना मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य काही वर्षांत बाहेर येतं आणि कार्डाची शाई पाउचला चिकटते. काढताना लोगो पाउचवर राहतो आणि कार्ड कोरं होतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे पाउच घ्या. ओळखायची खूण वासाची: नवीन रेनकोटसारखा वास आला तर पीव्हीसी.

थर्मल कागद, म्हणजे ई-रिचार्जच्या आणि पीसीओच्या पावत्या, आज आहेत तशा पुढच्या वर्षी नसतील. उष्णता, ऊन, पीव्हीसी आणि अल्कोहोल या सगळ्यांनी त्या पुसट होतात किंवा काळ्या पडतात. घरी आणल्या त्याच दिवशी स्कॅन करा. लॅमिनेशन करू नका, त्या गरमीत पावती क्षणात काळी पडते.

जून ते सप्टेंबर हा खरा परीक्षेचा काळ. घट्ट झाकणाचा पाच लिटरचा डबा घ्या, त्यात ५० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत घाला आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५५ टक्क्यांत हवा. ६५ च्या वर गेला की बुरशीची सुरुवात. रंग बदलणारं जेल घेताना नारिंगी घ्या. निळ्यात कोबाल्टचं संयुग असतं. रंग उतरला की १२० अंशांवर दोन-तीन तास ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरा. डबा गच्चीखालच्या माळ्यावर ठेवू नका आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटातही नको, कारण ओल तिथूनच येते. जुन्या पत्रकांना लागलेला गोंद कसरीला आवडतो, तेव्हा दर पावसाळ्याआधी एकेक पाउच उलटून पाहा.

हँडसेटमधून बॅटरी काढून वेगळी ठेवा. फुगलेली बॅटरी दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, ती ई-कचऱ्यात द्या. बॅटरीवरचा स्टिकर हवा असेल तर फोटो काढा.

स्कॅन

कार्डासाठी ६०० डीपीआय पुरतं, म्हणजे ८५.६ मिलिमीटरच्या रुंदीला साधारण २,०२० पिक्सेल. लोगो पुन्हा रेखाटायचा असेल तर १,२००. स्कॅनरमधलं आपोआप रंग सुधारणारं आणि धार वाढवणारं सगळं बंद करा. टिफमध्ये साठवा, जेपीईजी फक्त पाठवायला. फाइलचं नाव ठरावीक पद्धतीने द्या: सर्कल, कंपनी, वस्तू, अंदाजे वर्ष, मागची की पुढची बाजू. सर्कल पहिलं का, ते वर आलंच आहे.

चमकदार कार्डावर होलोग्राम असेल तर स्कॅनर तो काळा दाखवतो, कारण त्याचा दिवा एकाच कोनातून येतो. त्या भागाचा फोटो वेगळा घ्या, खिडकीच्या आडव्या उजेडात. शटरवर रंगवलेले लोगो टिपायचे तर दुकान बंद असतानाच जावं लागतं, म्हणजे भल्या सकाळी किंवा त्या भागाच्या साप्ताहिक सुट्टीला. समोर मध्यभागी उभं राहा, फोन शटरच्या मध्याच्या उंचीवर धरा. वरून-खालून काढलेला फोटो नंतर सरळ करता येतो, पण शटरच्या पट्ट्यांच्या सावल्या लोगोची वळणं खोटी दाखवतात. ढगाळ दिवस उत्तम.

रंगाबद्दल सावध राहा. चार रंगांच्या छपाईत पिवळा आणि मॅजेंटा उन्हात आधी उडतात, निळा टिकतो. ऑरेंजचा नारिंगी आणि हचचा गुलाबी हे दोन्ही त्याच उडणाऱ्या शाईंवर उभे, म्हणून दुकानाच्या काचेवर राहिलेले त्यांचे पोस्टर फिके पडलेले दिसतात आणि शेजारचा टाटा इंडिकॉम किंवा युनिनॉरचा निळा तसाच राहतो. रंग मोजायचा तर अंधारात राहिलेल्या बिलाच्या लेटरहेडवरून. तिथे भिंगाखाली ठिपके न दिसता सलग रंग दिसला तर ती खास मिसळलेली शाई, आणि तोच कंपनीच्या ठरलेल्या रंगाच्या सगळ्यात जवळ.

लोगो पुन्हा रेखाटणं

इंकस्केप मोफत आहे आणि पुरेसं आहे. ‘आपोआप ट्रेस’चं बटण दाबण्याचा मोह आवरा. ते छपाईचे ठिपके आणि कागदाचा खरखरीतपणा यांनाच आकार समजतं, कोपरे वितळवतं आणि एका गोलाला साठ-सत्तर बिंदू देतं.

१. स्कॅन आणा, लोगोची एखादी सरळ कड पाहून तो सरळ करा, पारदर्शकता ५० टक्के ठेवा आणि थर कुलूपबंद करा.

२. आधी भूमिती ओळखा. चौकोन चौकोनाच्या साधनाने, वर्तुळ वर्तुळाच्या साधनाने. हाताने काढलेलं वर्तुळ मोठं केल्यावर लगेच उघडं पडतं.

३. वळणांवर बिंदू फक्त वळणाच्या टोकांना द्या: सर्वात वर, सर्वात खाली, डावीकडे, उजवीकडे. रोमन ‘ओ’ला बाहेर चार, आत चार.

४. अक्षरं तशाच दिसणाऱ्या फॉन्टने टाइप करू नका. लोगोतली अक्षरं बहुतेक वेळा हाताने बदललेली असतात, आणि त्यांच्यातलं अंतर तर नक्कीच.

५. त्याच लोगोचा दुसऱ्या वस्तूवरचा स्कॅन वरून ठेवून जुळवा. जुळला नाही तर घाईने दुरुस्ती करू नका; कदाचित त्या दोन वेगळ्या आवृत्त्या असतील, आणि तसं असेल तर तो सापडलेला माल आहे.

सरावाला ऑरेंजचा चौकोन घ्या. लंडनच्या वुल्फ ऑलिन्सने १९९४ मध्ये घडवलेला हा लोगो दिसायला सोपा: नारिंगी चौकोन, खालच्या बाजूला पांढरी छोटी अक्षरं. छपाईच्या शाईंच्या प्रमाणित यादीत रंग पॅन्टोन १५१, पडद्यासाठी लाल २५५, हिरवा १२१, निळा ०. अवघड आहे ती अक्षरांची चौकटीच्या कडेपासूनची जागा. ती चुकली की सगळंच नकली वाटतं. व्होडाफोनचं उलट आहे. २००७ मध्ये भारतात आलेलं त्याचं चिन्ह चमकदार, उठावाचं होतं, सपाट चिन्ह २०१७ नंतरचं. २००७ च्या फलकावर सपाट चिन्ह टाकलेली कितीतरी ‘जुनी’ चित्रं फिरत असतात.

रेखाटन स्वतःसाठी ठेवा, लेखात वापरा. टी-शर्ट छापून विकायला काढू नका. कंपनी बंद पडली तरी ट्रेडमार्क दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कोणीतरी जिवंत ठेवलेला असू शकतो, आणि ऑरेंज तर परदेशात रोज वापरात आहे.

नोकियाच्या पडद्यावर ऑरेंज

३३१० सारख्या नोकियात पडद्यावर कंपनीच्या नावाच्या जागी चित्र ठेवता येतं. त्याचा आकार ७२ × १४ पिक्सेल, फक्त काळं आणि पांढरं. त्या फाइलीत चित्रासोबत नेटवर्कचा कोडही असतो आणि फोन त्याच नेटवर्कवर असेल तरच चित्र दिसतं. मुंबईत इथे एक सुंदर योगायोग जुळून येतो. वीचा मुंबईतला कोड ४०४-२०, म्हणजे मॅक्स टचचाच. त्यामुळे ऑरेंजचा लोगो आजच्या नेटवर्कवर कायदेशीर वारसासारखा बसतो.

वीचं टू-जी चालणारं सिम घ्या, जिओवर हा फोन चालणारच नाही. नॅनो सिम अडॅप्टरमध्ये घालताना कडा नीट बसवा, नाहीतर काढताना फोनचे संपर्क वाकतात. आधी अँड्रॉइड फोनमध्ये तेच सिम घालून नेटवर्क माहिती दाखवणाऱ्या ॲपवर कोड तपासा. मग चित्र काढा. १४ पिक्सेल उंचीत बारीक रेघा मरतात, म्हणून मोठा लोगो लहान करू नका, एकेक पिक्सेल भरून नव्याने काढा. फाइल ग्नोकी या मोफत प्रोग्रॅममधून एफ-बस या नोकियाच्या डेटा केबलने जाते. ३३१० मध्ये तिचे संपर्क बॅटरीखाली आहेत. चित्र गेलं पण दिसत नाही, याचं कारण दहापैकी नऊ वेळा फाइलीतला चुकीचा कोड. लूपचा लोगो हवा असेल तरी कोड ४०४-२० च टाका, कारण ४०४-२१ प्रक्षेपित करणारं आता कोणी नाही. गाडी मुंबई सर्कलच्या हद्दीबाहेर गेली की चित्र नाहीसं होतं. तो बिघाड नव्हे, सर्कल बदललं.

फ्लेक्स आणि ग्लो साइन

फ्लेक्स घडी घालू नका. घडीवर शाई तडकते. तीन इंची किंवा त्याहून जाड नळीवर छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, मध्ये कागद घाला.

ॲक्रिलिकच्या ग्लो साइनवर थिनर किंवा स्पिरिट लागलं की काचेसारख्या बारीक भेगा पडतात, त्या जात नाहीत. कोमट पाणी, दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड, मऊ कापड, एवढंच. विनाइलच्या कडा उचललेल्या असतील तर हेअर ड्रायर दुरून फिरवून बोटाने दाबा.

आतली जुनी ट्यूब, चोक आणि वायर प्लगला लावून पाहू नका. वायरचं आवरण वीस वर्षांच्या उष्णतेने ठिसूळ झालेलं असतं आणि पत्र्याच्या पेटीत करंट उतरतो. सगळं काढून १२ व्होल्टची एलईडी मोड्युल्स बसवा, दोन मोड्युल्समध्ये १० ते १५ सेंटिमीटर अंतर, आणि ॲक्रिलिकपासून तळ किमान १० सेंटिमीटर खोल. पेटी त्याहून उथळ असेल तर लोगोवर दिव्यांचे ठिपके उमटतात. अशा वेळी मोड्युल्स जवळ आणा, १० च्या जागी ६ सेंटिमीटर, आणि ॲडॅप्टर एकूण वॉटच्या सव्वापट क्षमतेचा घ्या. काढलेल्या चोकवरच्या आणि ट्यूबवरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. फलक कोणत्या वर्षीचा, हे काही वेळा चोकवरच छापलेलं मिळतं.